मुंबई बुडायची होती त्या सोमवारी

मुंबई बुडणार होती त्याच सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या रघूला इस्पितळात खाट मिळायची होती. आता सांगा, कुणाच्या नशिबी असा योग येतो? अकरा महिने मी त्या खाटेच्या मागे फिरले. खिडकीवरचे कारकून बदलले, खिडकी बदलली, मी तीच. आणि खाट आली ती नेमकी प्रलयाच्या मुहूर्तावर!

सत्तावन्न सालचा एप्रिल. आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत चार माणसं. मी यशोदा, माझे मालक, सासूबाई जाईबाई आणि धाकटा दीर रघू. मालकांचं नाव राजाराम. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण त्या दिवसांत मी ते चारदा घेतलं आणि त्यांतलं दोनदा अख्ख्या चाळीनं ऐकलं, तेव्हा आता लपवून काय करायचं?

रघूचं आधी सांगते, कारण सगळा जीव त्याच्यातच अडकला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. शेंबडा, हट्टी, रात्री माझ्या कुशीत झोपायचा. मला मूल झालं नाही. झालं नाही तर नाही, रघू होता. मोठा झाला आणि गिरणीत कार्डिंग खात्यात लागला. तिथे कापूस पिंजतात, आणि त्याची धूळ सगळी माणसांच्या छातीत जाते. बाविसाव्या वर्षी खोकला, तेविसाव्या वर्षी रक्त. इंजेक्शनं झाली, गोळ्यांची पाकिटं झाली. शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून मला दाखवला आणि म्हणाले, "बाई, उजव्या फुप्फुसाचा वरचा तुकडा सडलाय. तो काढला तर पोरगा जगेल. नाही काढला तर पुढची दिवाळी मी सांगू शकत नाही."

झालं. तेव्हापासून मी आणि ती खिडकी. शेवटी कार्ड आलं. सोमवार, एकोणतीस एप्रिल, सकाळी दहा. वेळेवर न आल्यास खाट पुढच्या रुग्णास देण्यात येईल आणि नाव यादीत पुन्हा तळाला जाईल. खाली शिक्का. मी ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. हसा खुशाल. अकरा महिने उभं राहून बघा, मग हसा.

आणि त्याच आठवड्यात ते शेपटीवालं नक्षत्र उगवलं.

संध्याकाळी दिवेलागणीला पश्चिमेकडे दिसायचं. चाळीची गच्ची माणसांनी भरून जायची. बघायला छान होतं, खोटं कशाला बोलू. कापसाच्या पुंजक्यासारखं, वर पांढरी शेपटी. दोन दिवस लोकांनी कौतुकानं बघितलं. तिसऱ्या दिवशी शेजारचा धोंडू कुठूनसं एक चोपडं घेऊन आला. चार पानांचं, पिवळ्या कागदाचं. कुणी एक ब्रह्मचारी महाराज म्हणे हिमालयातून उतरले होते, आणि त्यांनी गणित मांडून सांगितलं होतं की शेंडेनक्षत्र आणि सोमवती अमावास्या एकत्र आल्यामुळे एकोणतीस तारखेला दुपारी बाराच्या भरतीला समुद्र जो चढेल तो उतरणारच नाही. मुंबई गिरगावापासून परळपर्यंत पाण्याखाली. शेवटच्या पानावर आणखी एक ओळ होती: 'अमेरिकेतील शास्त्रज्ञांनीही यास दुजोरा दिला आहे.' म्हणजे देव मानणारा पण घाबरला पाहिजे आणि न मानणारा पण. कोणी सुटायला नको!

धोंडू ते चोपडं मोठ्यानं वाचायचा आणि लोक पुन्हा पुन्हा ऐकायचे. एक बाई म्हणाली, ते अमेरिकावाले समुद्रात बाँब फोडतात ना, म्हणून समुद्र चिडलाय. दुसरी म्हणाली, आपल्या मुंबईवर दिल्लीची नजर लागली. मला तर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. दोन वर्षं ही माणसं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणून रस्त्यावर होती. लाठ्या खाल्ल्या, अश्रुधूर खाल्ला. मार्चात मतदान झालं तेव्हा समितीला अशी मतं घातली की वर बसलेल्यांना घाम फुटला. दिल्लीनं मुंबई द्यायला नाही म्हटलं तर हे मरायला तयार, आणि एक बुवा म्हणाला समुद्राला देऊन टाका, तर हे वळकट्या बांधायला बसले!

आणि सगळ्यात पुढे कोण? आमचे मालक.

अहो, छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा हा माणूस परळच्या नाक्यावर उभा होता. बाजूचा मुलगा पडला, ह्यांनी त्याला खांद्यावर घेऊन पळवला. शर्ट रक्तानं भरून घरी आले, मी रडत होते आणि हे म्हणाले, "पाणी दे आणि दुसरा शर्ट काढ, परत जायचंय." असा माणूस! साळखात्यात, कापड विणतात तिथे, जॉबर म्हणजे मुकादम, चाळीस साच्यांवर ह्यांचा आवाज चालायचा. तो माणूस गच्चीवरून खाली आला आणि मला म्हणाला, "गावाला जाऊया. चौघं. बोटीची तिकिटं बघतो."

मला वाटलं थट्टा करतायत. म्हटलं, "आणि खाट?"

"खाट कसली गो? मुंबईच राहणार नाही तर खाट कुठे राहणार?"

"आणि राहिली तर?"

माणूस अडला की आईकडे बघतो, तसं ह्यांनी बघितलं. सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "माझ्या झिलाक मी कापूक देवचंय नाय. गावाक घेवन चला त्येका. देव बरो करतलो."

तेव्हा मला कळलं की घोळ नुसता समुद्राचा नाही. सासूबाईंना ते ऑपरेशन पहिल्यापासून नको होतं, पण डॉक्टरांपुढे बोलायची हिंमत नव्हती. प्रलय त्यांना बरा सापडला. मी खूप बोलले. आवाज चढला, बाजूच्या खोल्यांचे दरवाजे उघडले, पहिल्यांदा तेव्हाच मी "राजाराम!" म्हणून ओरडले. रघू तेवढा गप्प, भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन. मला वाटलं बिचारा कुणाच्या बाजूनं बोलणार!

पण मी सोडणारी नव्हे. रात्रशाळेचे शशिकांत मास्तर होते, दादरला राहायचे, आमच्या गिरणीतल्या पोरांना गणित आणि विज्ञान शिकवायचे. त्यांना मी चाळीत बोलावून आणलं. फार छान बोलले. एक नारळ घेतला, एक लिंबू घेतलं, बत्ती लावली, नक्षत्र किती कोटी मैल लांब आहे ते सांगितलं. शेपटी म्हणजे नुसता धूर आणि धूळ, म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या, मास्तरांना चहा दिला. मग धोंडूनं विचारलं, "मास्तर, सोमवारी तुम्ही कुठे?"

मास्तरांनी बशीत बघितलं. "नाशिकला. सासुरवाडीला. शाळेला सुट्टी लागलीय ना, मुलं कधीची मागे लागलीत. त्याचा ह्याच्याशी काहीएक संबंध नाही."

असे हसले लोक! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसानं तासभर नारळ फिरवला आणि एका वाक्यात सगळं पाण्यात घातलं.

मग मी दुसरी वाट धरली. म्हटलं, विज्ञान नको ना तुम्हाला? चला, देवाला विचारू. आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि उजवी पाकळी पडली तर देव बरं म्हणतो, डावी पडली तर नको म्हणतो. आमच्याकडे पोरीचं लग्न, नवी विहीर, नोकरी, सगळं ह्या कौलावर. मी गावाला जाणाऱ्या माणसाबरोबर देवळाच्या गुरवाला, नानांना, चिठ्ठी धाडली. त्यांचं उलट टपाली कार्ड शुक्रवारी आलं. मालकांनीच वाचलं. 'आपल्या सांगण्याप्रमाणे कौल लावला. देवाने तीनदा उजवा दिला. मुंबईस काही होत नाही. उगाच धावत येऊ नये, विहिरी आटल्या आहेत, आलेल्यांनाच पाणी पुरत नाही.'

मी म्हटलं, "झालं? बोलला देव?"

मालकांनी कार्ड उलटं करून बघितलं, जणू मागे काही वेगळं लिहिलंय. मग म्हणाले, "देवाला मुंबईचं काय माहीत? तो गावचा देव."

आता ह्याच्यावर मी काय बोलू? मास्तर म्हणाला काही होत नाही, देव म्हणाला काही होत नाही. ज्यांचं ऐकायचं ते दोघंही एकाच बाजूला, आणि हे माझे शहाणे चार पानांच्या पिवळ्या चोपड्यामागे! दुसऱ्यांदा नाव घेतलं ते तेव्हा.

शनिवारी तिकिटं आली. रविवारी सकाळची बोट, भाऊच्या धक्क्यावरून. मी कार्ड देव्हाऱ्यातून काढून चोळीत खोचलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. घरात मी एकटी आणि ते तिघं. वाटलं, धक्क्यावर निदान चार शहाणी माणसं भेटतील, कुणीतरी माझ्या बाजूनं बोलेल. माझाच मूर्खपणा.

धक्क्यावर सगळा गिरणगाव उतरला होता. ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, म्हाताऱ्या पाटावर बसवून आणलेल्या. रेटारेटी अशी की उभं राहिलं तरी माणूस पुढे सरकायचा. आणि समोर काय? समुद्र! मी त्या पाण्याकडे बघितलं, त्या माणसांकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "अहो, समुद्र बुडवणार म्हणून तुम्ही बोटीत बसताय? दर्यातून जाणार आणि दर्याकाठच्या गावात जाऊन बसणार? तिकडे काय समुद्राला कुंपण आहे?"

एक म्हातारा ट्रंकेवर बसला होता. अगदी शांतपणे म्हणाला, "गावचो दर्या आपलो आसा, बाय. ह्यो मुंबयचो कोणाचो?"

आजूबाजूचे लोक माना हलवायला लागले. पटलं त्यांना! मालकांना पण पटलं. मी रघूचा हात धरला आणि त्याला गर्दीतून बाजूला एका दोरखंडाच्या ढिगाऱ्यावर बसवला. त्याला धाप लागली होती. कपाळावर घाम.

म्हटलं, "रघू, तू एकदा बोल. तू नाही म्हणालास तर हे तुला उचलून नेणार नाहीत. मी आहे. उद्या दहाला आपण दोघं जाऊ."

तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, "वैनी, मला जायचंय."

"कुठे?"

"गावाला. ह्यांच्याबरोबर."

"अरे, तुझा त्या बुवावर विश्वास बसला?"

"बसला तर बरं होईल असं वाटतं." तो थांबला, खोकला, फडकं तोंडाला लावलं. मग हळू बोलला, मला वाकून ऐकावं लागलं. "त्या टेबलावर मी एकटा असणार, वैनी. बाहेर भोंगा होणार, माणसं पाळीला जाणार, हॉटेलात रेडिओ लागणार, आणि मी एकटाच जाणार. वर्षभर मला त्याचीच भीती वाटते. धोंडूनं ते वाचलं ना, सगळेच जाणार म्हणून, त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. सगळ्यांबरोबर जायला मला काही वाटत नाही."

मी त्याच्या थोबाडीत मारली.

भर धक्क्यावर, चोवीस वर्षांच्या आजारी पोराला. मला इतका राग आला होता, आणि इतकं रडू येत होतं, की दोन्ही एकदम बाहेर पडेना. अकरा महिने मी त्याच्यासाठी खिडकीत उभी आणि ह्याला मनात सगळी मुंबई बुडालेली हवी होती, सोबत म्हणून!

"जा तर मग," मी म्हटलं. "बस बोटीत. मी नाही येत. उद्या बाराला मी आपल्या खोलीत असेन, चूल पेटवून भाकऱ्या थापत. सगळ्यांबरोबर म्हणतोस ना? मग मला का सोडतोस? की मी तुझ्या सगळ्यांत नाही?"

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. मालक सासूबाईंना धरून फळीवर चढले होते, तिथून हातवारे करत होते. मी वळले आणि गर्दीच्या उलट चालायला लागले. मागे बघितलं नाही. खरं सांगते, मला वाटलं पोरगा गेला. माझ्या डोळ्यांसमोर काही दिसत नव्हतं, लोकांच्या वळकट्यांवर आपटत होते. फाटकापाशी आले तेव्हा मागून खोकला ऐकू आला. तो खोकला मी हजारात ओळखते.

मी त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं. मालकांनी बोटीवरून हाक मारलेली ऐकली, पण सासूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता, आणि फळी काढली गेली. गेले. तिसऱ्यांदा मी त्यांचं नाव घेतलं ते तिथे, आणि त्यापुढे काय जोडलं ते सांगण्यासारखं नाही.

सोमवारी सकाळी लालबाग कर्फ्यू लागल्यासारखं. अर्धी दुकानं बंद. नाक्यावरच्या पिंपळाला दहा-बारा बायका सोमवतीच्या प्रदक्षिणा घालत होत्या, त्यांच्यात एरवी असते तशी बडबड नाही. ट्राममध्ये आम्ही दोघं आणि एक पोलीस. इस्पितळात पोचलो तर तिथे, ऐका हं, ज्या खिडकीपुढे अकरा महिने मला पाय ठेवायला जागा मिळाली नाही, तिथे कुत्रं नाही! कारकून जांभई देत बसला होता. कार्ड बघून म्हणाला, "आलात? आज नऊ जणांना बोलावलं होतं, तुम्ही दुसरे. खिडकीजवळची खाट देऊ? वारा येतो."

वारा येतो म्हणे! मला त्या माणसाची मान धरावीशी वाटली. तो सात जणांचा कागद त्याच्यापुढे पडला होता, सात नावं, आणि तो एकेका नावावर रेघ मारत होता. ती माणसं कुठे बोटीत बसली होती, कुठे गावाला आगगाडीत, आणि त्यांची नावं यादीच्या तळाला चालली होती. त्यांतली किती पुन्हा वर आली असतील देव जाणे.

वॉर्डात माझगावच्या एक सिस्टर होत्या, गळ्यात क्रूस, हातात थर्मामीटर. बाराला पाच कमी असताना सगळे रोगी घड्याळाकडे बघायला लागले. एक म्हातारा राम राम म्हणत होता. पलीकडचा पांघरूण डोक्यावर घेऊन पडला. सिस्टर म्हणाल्या, "अहो, माझ्या देवानं मला काही कळवलं नाही. तोंड उघडा." आणि थर्मामीटर त्याच्या तोंडात खुपसला. रघूनं माझं मनगट धरलं होतं. काटा बारावर आला. बारा वाजून पाच मिनिटं झाली. डाळभाताची गाडी खडखडत आली.

रघूनं मनगट सोडलं. म्हणाला, "आता माझं एकट्याचंच राहिलं."

"जेव आधी," मी म्हटलं. ताट पुढे सरकवलं.

मंगळवारपासून लोक परत यायला लागले. लाज? छे! धोंडू छाती काढून सांगायचा की ठिकठिकाणी पूजा झाल्या म्हणून टळलं. नाशिकहून मास्तर आले आणि म्हणाले, बघा, मी सांगितलंच होतं. दोघंही बरोबर! चूक कुणाची नाहीच. मी म्हटलं, बरं बाबांनो, तुमच्यामुळे वाचली मुंबई, आता मला वाट द्या, मला इस्पितळात डबा न्यायचाय.

शुक्रवारी मालक आले. एकटेच. सासूबाई गावालाच राहिल्या होत्या. हे वॉर्डाबाहेर बाकावर बसले, टोपी हातात. मला वाटलं माफी मागतील. तर म्हणाले, "आयेनं रघूसाठी कौल लावला. ऑपरेशन करायचं की नाही म्हणून. देवानं डावा दिला."

आता हसू नका. मुंबईच्या वेळी मीच देवाला साक्षीला काढलं होतं, आणि तो खरं बोलला होता. आता तोच देव नको म्हणत होता. खोटं ठरवायचं तर कसं ठरवू? मी त्या बाकावरच बसले. बाजूला मालक, दोघं भिंतीकडे बघत. आतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता, रघूचा नव्हता.

मग मी म्हटलं, "मागचा कौल पाळलात तुम्ही? उजवा होता, तीनदा. तरी पळालात ना? मग हा पण नका पाळू. पाप लागलं तर माझ्या नावावर. मी तेव्हाही पाळत होते, आज एकदाच मोडते."

ह्यांनी टोपी बाकावर ठेवली. मी लढायच्या तयारीत. मग म्हणाले, "सिस्टर म्हणत होती रक्त लागतं. नातेवाइकाचं. कुठे द्यायचं?"

आणि गेले बाही वर करत. मी मागून हाक मारली, "राजाराम!" ती चौथी. ह्या वेळी आवाज बारीक होता, पण त्यांनी ऐकला. वळले नाहीत, बाही आणखी वर घेतली.

पुढच्या मंगळवारी सकाळी रघूला ऑपरेशनला आत नेला. दारापर्यंत मी ढकलगाडीबरोबर चालले. वॉर्डबॉयनं हात आडवा केला. रघूनं माझ्याकडे बघितलं. दार मिटलं. चार तास. त्या चार तासांत मी ज्या देवाचा कौल मोडला त्यालाच गाऱ्हाणी घातली, आणि मध्येच त्याला शिव्या दिल्या, आणि पुन्हा पाया पडले. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, घामानं केस चिकटले होते. म्हणाले, "निघाला तुकडा. झोपलाय." मी भिंतीला धरून खाली बसले आणि असं रडले की बाकीच्यांना वाटलं पोरगा गेला.

जगला. गावाहून सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "देवान वाचयल्यान." म्हणू दे.

एवढ्यावर संपवलं असतं. पण मला राग आलाय तो पुढच्याचा.

बासष्ट साल. महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, त्याला पावणेदोन वर्षं झाली. रघू गिरणीतच होता, पण कार्डिंगमध्ये नाही, हजेरीच्या टेबलावर. लग्न झालेलं, बायको शेवंती, आठ महिन्यांची मुलगी. परळला वेगळी खोली. आणि फेब्रुवारीत आली अष्टग्रही! आठ ग्रह एका राशीत, जग संपणार. ह्या वेळी चोपडं नव्हतं, वर्तमानपत्रंच होती. नाक्यानाक्यावर यज्ञ, तुपाचा धूर. मी म्हटलं, चालू दे. आमच्या घरात आता कुणी पळणार नाही. मालक तर सत्तावन्नचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचे.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. रघू. मागे शेवंती, कडेवर पोर. रघूच्या हातात वळकटी.

"वैनी, चार दिवस गावाला जाऊन येतो. बोटीची तिकिटं मिळाली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझा ताबा सुटला. "तू? मेल्या, तू? ज्याची छाती कापून तुकडा काढला तो तू? बाराची डाळभाताची गाडी विसरलास? सगळं जग बुडालं तर बरं म्हणणारा तू, आणि आज वळकटी घेऊन पळतोस?"

तो तसाच दारात उभा. ओरडायचं संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "तेव्हा माझं काय होतं गो बुडायला, वैनी?" आणि हात लांब करून पोरीचं टोपडं सरळ केलं. "काही होणार नाही, मला माहीत आहे. शंभर टक्के माहीत आहे. पण हिला बघितलं की वाटतं, समजा झालं तर?"

मला त्याला पुन्हा एक लगावायची होती. हात उचलला होता, शपथेवर सांगते. पण तेव्हा ज्या पोराला मरायला सोबत हवी होती तो आता आपल्या लेकीसाठी आठ ग्रहांना घाबरत होता. ह्याच्यावर मी कुठलं शास्त्र काढू? मालक आत पाणी पीत उभे होते, तांब्या रिकामा झाला तरी खाली ठेवत नव्हते.

"मूर्ख आहेस," मी म्हटलं. "अकलेचा कांदा आहेस. भावापेक्षा मोठा मूर्ख. तिकडे पाणी नाही, डास आहेत, पोर आजारी पडेल. आण इकडे ती वळकटी, दोरी बघ कशी सैल बांधलीय, धक्क्यावर सुटेल."

आणि मी उंबऱ्यात बसून, शिव्या देत देत, गुडघ्यानं दाबून ती वळकटी पुन्हा आवळून बांधली. उजव्या हातानं जोर लावायला त्याला अजून डॉक्टरांची मनाई होती.